आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया, प्रतिजैविके आणि ‘व्यक्तिगत’ प्रोबायोटिके : देहू-पिंपरी परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

देहू येथून आषाढी वारीसाठी प्रस्थान ठेवणारी संत तुकाराम महाराजांची पालखी आकुर्डीचा मुक्काम आटोपून पिंपरीमार्गे पुण्याकडे जाते. नारायण महाराजांनी १६८५ मध्ये सुरू केलेल्या या सोहळ्याच्या वाटेवरील पिंपरी हे गाव विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पवनेकाठचे एक शेतीप्रधान खेडे होते. १९५४ मध्ये तेथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स लिमिटेड या सरकारी कंपनीची स्थापना झाली. परिसरातील जुनी माणसे या कारखान्याला ‘पेनिसिलिन फॅक्टरी’ किंवा नुसतेच ‘एचए कंपनी’ म्हणतात. पुढे देहू, चिंचवड, भोसरी आणि चाकण यांना जोडणारा जो औद्योगिक पट्टा निर्माण झाला, त्याच्या अगदी आरंभीच्या उद्योगांत या कारखान्याची गणना होते.

रोगजंतूंचा नाश करणारे औषध सर्वसामान्य माणसाला परवडेल अशा किमतीत देशातच तयार करणे, हे या कारखान्याचे प्रयोजन होते. आज सात दशकांनंतर वैद्यकशास्त्रापुढे वरवर पाहता नेमका उलटा प्रश्न उभा आहे. मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाच्या आतड्यात उपयुक्त जिवाणू पुन्हा कसे वसवावेत आणि प्रत्येक रुग्णासाठी ते निवडून देता येतील काय, असा तो प्रश्न आहे. यालाच ‘व्यक्तिगत प्रोबायोटिक’ असे म्हटले जाते. नाश आणि पुनर्वसन या दोन प्रवृत्तींचा ऐतिहासिक संबंध तपासणे आणि पिंपरीच्या अनुभवातून आजच्या प्रश्नाकडे पाहणे, एवढीच प्रस्तुत निबंधाची मर्यादा आहे.

एक गुरू, दोन वाटा

या इतिहासाचा प्रारंभ ईल्या मेचनिकोव्ह (१८४५-१९१६) या रशियन शास्त्रज्ञापाशी होतो. शरीरातील पांढऱ्या पेशी जंतूंना गिळून टाकतात, हे दाखवून देणाऱ्या या शास्त्रज्ञास १९०८ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. ओडेसा येथील विद्यापीठात त्यांच्या हाताखाली शिकलेला वाल्डेमार हाफकिन हा विद्यार्थी पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आला आणि तेथून हिंदुस्थानात. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ पसरली तेव्हा हाफकिन यांनी मुंबईतच प्लेगवरील लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यांनी उभी केलेली प्लेग संशोधन प्रयोगशाळा १८९९ पासून परळ येथे स्थिरावली आणि १९२५ मध्ये तिला हाफकिन संस्था हे नाव मिळाले.

त्याच प्लेगच्या काळात पुण्यात घरोघर झालेल्या सक्तीच्या झडत्यांविरुद्ध जो असंतोष उसळला, त्यातून २२ जून १८९७ रोजी रँड यांच्यावर गोळ्या झाडणारे दामोदर हरी चापेकर हे चिंचवडचे. या परिसराच्या आधुनिक स्मृतीत सूक्ष्मजंतूचा प्रवेश असा भय, सक्ती आणि प्रतिकार यांच्या संगतीने झाला, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

शिष्य जंतूंविरुद्ध लस घेऊन उभा असताना गुरूचे लक्ष मात्र आतड्यातील जंतूंकडे वळले होते. मोठ्या आतड्यात अन्न कुजवणारे जिवाणू विषारी द्रव्ये निर्माण करतात आणि त्यामुळे माणूस लवकर वृद्ध होतो, असे मेचनिकोव्ह यांचे प्रतिपादन होते. दूध आंबवणारे जिवाणू पोटात गेल्यास कुजण्याची क्रिया थांबेल, असे त्यांनी १९०७ च्या आपल्या ग्रंथात मांडले. बल्गेरियातील आंबवलेल्या दुधातून स्तामेन ग्रिगोरोव्ह यांनी १९०५ मध्ये वेगळा केलेला जिवाणू त्यांच्या विचाराला आधारभूत ठरला.

याच आत्मविषबाधेच्या कल्पनेचा दुसरा परिणाम लंडनमध्ये दिसून आला. गाय्ज रुग्णालयातील प्रख्यात शल्यविशारद विल्यम आर्बथनॉट लेन यांनी जुनाट बद्धकोष्ठाच्या रुग्णांचे मोठे आतडेच काढून टाकण्याचा सपाटा लावला. मेचनिकोव्ह यांनी आतड्यातील वस्ती बदलण्याचा मार्ग सुचवला, तर लेन यांनी घरच पाडून टाकले. आत्मविषबाधेचा सिद्धांत पुढे मागे पडला आणि या शस्त्रक्रियाही थांबल्या. अपुऱ्या पुराव्यावर आधारलेली आकर्षक कल्पना रुग्णाच्या शरीरावर किती खोल घाव घालू शकते, याचे हे उदाहरण होय.

शस्त्रक्रिया आणि जंतुसंसर्गाचे भय

कर्करोगावरील खरी शस्त्रक्रिया याच सुमारास आकार घेत होती. गुदाशयाच्या कर्करोगासाठी अर्नेस्ट माइल्स यांनी १९०८ मध्ये मांडलेली पद्धती अनेक दशके प्रमाण मानली गेली. तथापि मोठ्या आतड्याला हात घालणे म्हणजे जंतूंच्या कोठारालाच हात घालणे होय. तेथील एक ग्रॅम मळात जिवाणूंची संख्या दहा हजार कोटींच्या घरात असते. गाठ असलेला भाग काढून उरलेली दोन टोके शिवल्यानंतर तो जोड भरून येईपर्यंतचे दिवस अत्यंत धोक्याचे असत. जोड सुटला की मळ पोटाच्या पोकळीत पसरे आणि प्रतिजैविकांपूर्वीच्या काळात अशा रुग्णाची आशा थोडी असे.

म्हणून शल्यविशारदांनी आतडे शक्य तेवढे निर्जंतुक करण्याचा मार्ग धरला. १९३९ मध्ये गारलॉक आणि सीली या अमेरिकन शल्यविशारदांनी सल्फा औषधांचा या कामी उपयोग केला. १९४९ मध्ये वॅक्समन आणि लेशेव्हालिए यांनी मातीतील सूक्ष्मजीवापासून निओमायसिन हे प्रतिजैविक मिळवले. तोंडावाटे घेतल्यावर ते फारसे रक्तात न शोषले जाता आतड्यातच राहते, म्हणून ते या कामास सोयीचे ठरले. १९७३ मध्ये निकोल्स आणि काँडन यांनी निओमायसिन व एरिथ्रोमायसिन यांची जोडी रूढ केली. या सर्व प्रयत्नांचे फलित आकड्यांत सांगता येते. कॉक्रेन संस्थेच्या २०१४ च्या आढाव्यानुसार मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी प्रतिजैविके दिल्याने जखमेतील संसर्गाचे प्रमाण शेकडा ३९ वरून शेकडा १३ पर्यंत खाली येते. आजचे प्रोबायोटिकविषयक संशोधन या यशाच्या पायावरच उभे आहे, त्याच्या विरोधात नव्हे. जिवाणूंचे पुनर्वसन हा वाचलेल्या रुग्णाचा प्रश्न आहे आणि रुग्ण वाचू लागला तो प्रतिजैविकांमुळे.

पिंपरीचा कारखाना

दुसऱ्या महायुद्धात पेनिसिलिनचे महत्त्व सिद्ध झाले, परंतु स्वातंत्र्यप्राप्तीच्या वेळी हे औषध भारतात आयात करावे लागत होते. त्याचे उत्पादन सार्वजनिक क्षेत्रात व्हावे, असा आग्रह धरणाऱ्यांत साहिब सिंग सोखे यांचे नाव अग्रभागी येते. १९३२ मध्ये हाफकिन संस्थेचे पहिले भारतीय संचालक झालेले सोखे पुढे जागतिक आरोग्य संघटनेचे साहाय्यक महासंचालक होते. मेचनिकोव्ह यांचा विद्यार्थी हाफकिन, हाफकिन यांच्या नावाची संस्था, तिचे संचालक सोखे आणि सोखे यांच्या आग्रहातून पुढे आलेला पिंपरीचा कारखाना, अशी एक सलग साखळी येथे दिसते.

जागतिक आरोग्य संघटनेने तांत्रिक साहाय्य दिले आणि युनिसेफने यंत्रसामग्री पुरवली. १९५५ मध्ये प्रत्यक्ष उत्पादनास प्रारंभ झाला. या सहकार्यामागील भूमिका महत्त्वाची होती. येथील ज्ञान गुप्त न ठेवता संशोधनासाठी व प्रशिक्षणासाठी खुले राहावे, असे त्यात अभिप्रेत होते. त्यामुळे हा कारखाना संशोधनाचेही केंद्र बनला. १९६१ मध्ये एम. जे. तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी येथे हॅमायसिन हे बुरशीनाशक प्रतिजैविक शोधून काढले. त्याच्या नावातील आद्याक्षरे कंपनीची आहेत, आणि ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळाले त्याला ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’ असे पिंपरीचे नाव देण्यात आले. संतांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या भूमीचे नाव जीवाणुशास्त्राच्या परिभाषेत असे मातीतून गेले.

येथे एक बाब नोंदवणे आवश्यक आहे. पेनिसिलिन बुरशीपासून मिळते. निओमायसिन, स्ट्रेप्टोमायसिन आणि हॅमायसिन ही मातीतील सूक्ष्मजीवांची निर्मिती होय. म्हणजे जंतुनाशाचे साधनही सूक्ष्मजीवांनीच पुरवले. कारखान्यातील प्रचंड किण्वनपात्रांत कामगारांनी रात्रंदिवस जे केले, ते सूक्ष्मजीवांचे संगोपनच होते. त्यामुळे ‘जंतू म्हणजे शत्रू’ आणि ‘जंतू म्हणजे मित्र’ असे दोन सरळ कालखंड पाडणे इतिहासाला धरून होत नाही.

पुढील काळात कारखान्याची स्थिती खालावत गेली. १९९० च्या दशकात तो आर्थिक अडचणीत सापडला. चीनमधून येणाऱ्या स्वस्त मालापुढे भारतातील पेनिसिलिन-जीचे उत्पादनच बंद पडत गेले. त्याला पुन्हा चालना देण्यासाठी केंद्र सरकारला २०२० मध्ये उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना आणावी लागली. स्वावलंबनाची जी गरज १९५४ मध्ये ओळखली गेली होती, तिची आठवण देशाला अशा रीतीने पुन्हा झाली.

विरजणापासून प्रोबायोटिकपर्यंत

आंबवलेल्या पदार्थांची उपयुक्तता महाराष्ट्रीय समाजाला नवीन नाही. चरकसंहितेत ग्रहणी व अर्श या विकारांत ताकाचा पुरस्कार केलेला आहे. ज्वारी-नाचणीची आंबील, ताक, घरोघरी राखलेले विरजण ही येथील आहारपरंपरा आहे. तथापि घरचे दही आणि प्रोबायोटिक औषध या दोन गोष्टी शास्त्रीय दृष्ट्या एक नव्हेत. २००१ मध्ये अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञांनी केलेल्या व्याख्येनुसार, पुरेशा प्रमाणात दिले असता आरोग्यास लाभ देणारे जिवंत सूक्ष्मजीव म्हणजे प्रोबायोटिक होय. कोणता वाण, किती संख्येने आणि कोणत्या लाभासाठी, हे त्यात ठरलेले असावे लागते. विरजणात कोणते वाण आहेत हे घरागणिक बदलते.

अशा निश्चित वाणांचा शोध विसाव्या शतकाच्या प्रारंभापासूनच चालू होता. अंगावर पिणाऱ्या बालकांच्या मळातून आंरी तिसिए यांनी पॅरिस येथे बायफिडोबॅक्टेरियम ओळखला. पहिल्या महायुद्धात सहकाऱ्यांना अतिसार होत असताना निरोगी राहिलेल्या एका सैनिकाच्या आतड्यातून आल्फ्रेड निस्ले यांनी १९१७ मध्ये एक उपयुक्त वाण वेगळा केला. जपानमध्ये मिनोरू शिरोता यांनी १९३० मध्ये निवडलेल्या वाणापासून १९३५ मध्ये पेय बाजारात आले. निस्ले यांच्या उदाहरणात आजच्या विचाराचे बीज आढळते, कारण त्यांनी एका विशिष्ट व्यक्तीच्या आतड्यातील विशिष्ट रहिवाशाकडे लक्ष वेधले होते.

शस्त्रक्रियेनंतरचे प्रयोग : आशा आणि इशारा

आतड्याच्या कर्करोगाच्या रुग्णाला शस्त्रक्रियेच्या आसपास पोट साफ करणारी औषधे, प्रतिजैविके, उपवास आणि प्रत्यक्ष शस्त्रक्रियेचा आघात या सर्वांतून जावे लागते. पुष्कळदा पुढे केमोथेरपीही असते. यामुळे आतड्यातील जिवाणूंची रचना विस्कटते. तंतुमय अन्नापासून ब्युटिरेट तयार करणारे जिवाणू कमी झाले की मोठ्या आतड्याच्या अस्तराला त्याचे मुख्य पोषण कमी पडते. २०१५ मध्ये शिकागो येथील संशोधकांनी उंदरांवरील प्रयोगात असे दाखवले की, एन्टेरोकॉकस फिकॅलिस हा जिवाणू जोडाच्या ठिकाणचे कोलॅजन विघटित करून जोड सुटण्यास कारणीभूत होऊ शकतो, आणि शिरेवाटे दिलेले प्रतिजैविक त्याला त्या जागेवरून हटवू शकत नाही. जोड सुटणे हा केवळ टाक्यांचा किंवा रक्तपुरवठ्याचा प्रश्न नसून त्या जागी कोण वस्तीला आहे याचाही प्रश्न असू शकतो, असा याचा अर्थ होतो.

रुग्णांवरील काही प्रयोग उत्साहवर्धक आहेत. चीनमध्ये २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दीडशे रुग्णांपैकी निम्म्यांना शस्त्रक्रियेपूर्वी सहा व नंतर दहा दिवस तीन वाणांचे मिश्रण दिले असता त्यांच्यातील संसर्ग कमी झाले. ग्रीसमधील २०१५ च्या १६४ रुग्णांच्या अभ्यासात चार सूक्ष्मजीवांच्या मिश्रणामुळे मोठ्या गुंतागुंतीचे प्रमाण शेकडा ४८.८ वरून २८.६ पर्यंत खाली आले, तर जोड सुटण्याचे प्रमाण ८.८ वरून १.२ झाले. मात्र हा अभ्यास लाभ दिसताच मुदतीपूर्वी थांबवण्यात आला होता आणि अशा अभ्यासांत लाभ प्रत्यक्षापेक्षा मोठा दिसण्याचा संभव असतो. शिवाय निरनिराळ्या अभ्यासांत वाण, मात्रा व काळ वेगवेगळे असल्याने त्यांची बेरीज करणे कठीण जाते.

याउलट नेदरलँड्समधील एका प्रयोगाने गंभीर इशारा दिला. स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाच्या रुग्णांना प्रोबायोटिक दिले असता त्या गटातील मृत्यूचे प्रमाण शेकडा १६, तर न दिलेल्या गटात शेकडा ६ आढळले. हे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. आजार वेगळा असला तरी जिवंत जिवाणू अत्यवस्थ रुग्णाला देणे नेहमीच निरुपद्रवी असते, हा समज त्यामुळे खोटा ठरला.

‘व्यक्तिगत’ या शब्दाचे महत्त्व २०१८ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेतून आलेल्या दोन अभ्यासांनी वाढवले. एकच प्रोबायोटिक घेऊनही काहींच्या आतड्यात ते रुजले, तर काहींच्या आतड्याने ते स्वीकारले नाही. दुसऱ्या अभ्यासात २१ निरोगी व्यक्तींना प्रतिजैविके देण्यात आली. त्यानंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांच्या आतड्यातील मूळ वस्ती परतण्यास उलट विलंब लागला. ज्यांना आधी राखून ठेवलेला स्वतःचाच मळ परत देण्यात आला, त्यांची वस्ती काही दिवसांतच पूर्ववत झाली. त्याच वर्षी न्यूयॉर्क येथे मूलपेशी-रोपण झालेल्या कर्करुग्णांतही स्वतःचे जिवाणू परत देण्याचा प्रयोग यशस्वी झाल्याचे प्रसिद्ध झाले. उद्याच्या दह्यासाठी आजचे विरजण बाजूला काढून ठेवण्याची गृहिणीची रीत या तत्त्वाहून फारशी वेगळी नाही. कर्करोगाच्या रुग्णाबाबत मात्र एक अडचण आहे. त्याच्या आतड्यातील मूळ वस्तीच रोगास पोषक ठरली असण्याचा संभव असतो, म्हणून ती जशीच्या तशी परत द्यावी काय, हा प्रश्न अनिर्णित आहे.

सर्वांचे औषध आणि एकाचे औषध

पिंपरीच्या पेनिसिलिनचे वैशिष्ट्य असे की, ते सर्वांसाठी एकच होते. कुपीतील औषध देहूच्या शेतकऱ्याला आणि मुंबईच्या व्यापाऱ्याला सारखेच लागू पडे. उत्पादन जितके मोठे तितकी किंमत कमी, हे त्याचे अर्थशास्त्र होते. व्यक्तिगत प्रोबायोटिकचे स्वरूप याच्या विरुद्ध आहे. त्यासाठी प्रत्येक रुग्णाच्या मळातील जिवाणूंचे जनुकीय परीक्षण, त्यानुसार वाणांची निवड आणि स्वतंत्र देखरेख लागते. म्हणजे एकाच्या औषधाचा खर्च मुख्यतः एकालाच सोसावा लागतो. चाकणच्या कारखान्यात कंत्राटी काम करणाऱ्या किंवा मावळात भातशेती करणाऱ्या माणसाच्या शस्त्रक्रियेचा खर्च शासकीय आरोग्य योजनेतून भागला, तरी पुढील हे परीक्षण कोण करणार, हा प्रश्न शिल्लक राहतो. पिंपरीतील महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय ज्या वसाहतीत आहे, तिचे नाव संत तुकारामनगर. सार्वजनिक रुग्णालयाच्या दारी येणाऱ्या रुग्णापर्यंत जे पोहोचत नाही, त्या उपचाराची प्रगती अपुरीच मानावी लागेल.

दुसरा प्रश्न ज्ञानाचा आहे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातील संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारतीयांच्या आतड्यात प्रिव्होटेला व मेगास्फेरा या जिवाणूंचे प्राबल्य आढळले. पाश्चात्त्य लोकांवरून ठरवलेले ‘निरोगी आतड्या’चे मानदंड येथे जसेच्या तसे लागू करता येत नाहीत, असे यावरून दिसते. सुदैवाने या अभ्यासाची साधने देहूपासून फार दूर नाहीत. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील १९५१ पासूनचा औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह, आघारकर संशोधन संस्थेतील संग्रह आणि पेशीविज्ञान केंद्राशी संलग्न राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र ही पुण्यातच आहेत. योग्य वाण निवडून मोठ्या प्रमाणावर काटेकोर चाचणी घेता येते, याचा दाखला ओडिशाने दिला आहे. तेथे ४,५५६ नवजात बालकांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, एका निवडक वाणामुळे जंतुदोष व मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण शेकडा ९ वरून ५.४ वर आले. तो उपचार व्यक्तिगत नव्हता. स्वस्त आणि सर्वांना देता येण्याजोगा होता.

निष्कर्ष

१. प्रतिजैविक आणि प्रोबायोटिक ही परस्परविरोधी युगे नसून एकाच इतिहासाची दोन अंगे आहेत. दोहोंचा उगम सूक्ष्मजीवांच्या संगोपनात आहे, आणि पहिल्याच्या यशानेच दुसऱ्याची गरज निर्माण केली.

२. आतड्याच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर प्रोबायोटिके उपयुक्त ठरू शकतात, असे सूचित करणारा पुरावा उपलब्ध आहे. तथापि कोणता वाण कोणाला द्यावा, याविषयी सर्वमान्य नियम सांगता येण्याइतका तो परिपक्व नाही. व्यक्तिगत निवडीचा उपचार तर अद्याप संशोधनाच्याच टप्प्यावर आहे. म्हणून शस्त्रक्रिया झालेल्या, विशेषतः केमोथेरपी चालू असलेल्या रुग्णाने दुकानातून स्वतःच्या मनाने अशी औषधे घेणे टाळावे आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच निर्णय घ्यावा.

३. लेन यांच्या शस्त्रक्रिया आणि नेदरलँड्समधील प्रयोग या दोन्ही घटना एकच गोष्ट सांगतात. आतड्याविषयीची पटण्याजोगी कल्पना म्हणजे सिद्ध झालेला उपचार नव्हे.

४. पिंपरीच्या कारखान्याचा वारसा केवळ औषधाचा नाही. ज्ञान खुले ठेवणे, उत्पादन स्थानिक ठेवणे आणि लाभ सर्वांपर्यंत पोहोचवणे ही त्यामागील तीन सूत्रे होती. स्थानिक लोकांच्या आतड्यातील जिवाणूंची माहिती सार्वजनिक संस्थांनी गोळा करावी, औषधाच्या वेष्टनावर वाणाचे नाव व संख्या स्पष्ट असावी आणि सार्वजनिक रुग्णालयांतील रुग्णांना चाचण्यांत व त्यांच्या लाभांत वाटा मिळावा, असे या सूत्रांचे आजचे रूप असू शकेल.

किण्वनपात्रांचा तो काळ मागे पडला असला, तरी देहूची पालखी दरवर्षी पिंपरीतून जाते. त्या वाटेवरील कोणत्याही माणसाला उद्या या उपचाराची गरज भासेल, तेव्हा तो त्याच्या आवाक्यात असावा, ही १९५४ मध्ये पेनिसिलिनसाठी धरलेली अपेक्षा आजही तितकीच रास्त आहे.